लागलं का?

महिन्याभरापूर्वी आई आमच्या इमारतीची शेवटची पायरी चुकली आणि पडली. दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं म्हणून रुग्णालयात नेलं, तर हाडाला बारीक चीर. वय 78, म्हणून एक रात्र ठेवून घेतलं. भरती करताना नर्सने फाइलवर एक पिवळं स्टिकर लावलं: ‘व्हल्नरेबल पेशंट’. म्हातारी माणसं, लहान मुलं, अपंग, शुद्धीत नसलेले, अशांच्या फाइलवर ते लावतात. यांच्याकडे जरा जास्त लक्ष असू द्या, एवढाच त्याचा निरोप. आईने चष्मा नाकावर नीट बसवला, अक्षर अक्षर जुळवून शब्द वाचला आणि मला म्हणाली, “अगं, मी कधी जिंकले?”

तिचा प्रश्न बिनतोड होता. सांगलीला आमच्या घरी दर शनिवारी बाबांचा पत्त्यांचा अड्डा बसायचा. चार टाळकी, एक सतरंजी, ब्रिज. चहाची तिसरी फेरी घेऊन आई बाहेर आली की कोणीतरी जोडीदाराला बजावत असायचं, “जपून बोला, आपण व्हल्नरेबल आहोत.” एकदा तिने अर्थ विचारला, तेव्हा बाबांनी सांगितलं: ज्यांनी एक गेम जिंकली ते व्हल्नरेबल. बाबांचं बरोबर होतं. रबर ब्रिजमध्ये एक गेम जिंकलेल्या जोडीचा डाव बुडाला तर कमी पडलेल्या प्रत्येक हातामागे 50 ऐवजी 100 गुण जातात. उलट छोटा स्लॅम साधला तर 500 ऐवजी 750 मिळतात. 1925 साली हॅरोल्ड व्हँडरबिल्ट हा ब्रिजपटू पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ नावाच्या बोटीवर होता, तेव्हा त्याने ही गुणांची पद्धत बसवली. शब्द सुचवला बोटीवरच्याच एका तरुण मुलीने, असं सांगतात. तिचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

“मग इथे काय अर्थ त्याचा?” आईने विचारलं. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गेली 14 वर्षं मी सॉफ्टवेअरमधल्या व्हल्नरेबिलिटी शोधून पोट भरते. दिवसातून पन्नासदा जिभेवर येणारा शब्द, आणि आईला सांगायला मराठी नाही. शेवटी ‘असुरक्षित’ म्हटलं. तिने वॉर्डाकडे एक नजर टाकली. “इथे? एवढ्या माणसांत?”

तेव्हापासून सकाळच्या फेरीला मी एकेक शब्द बरोबर नेते. आज तुम्हीही चला. बंगळूरच्या एचएसआर लेआउटच्या उत्तरेला आगरा गाव आहे आणि गावाचं तळं आहे, आगरा केरे. ताजमहालवाल्या आग्र्याशी त्याचा काही संबंध नाही. तळ्याच्या बांधावरून पायवाट आहे, सकाळी सहाला तिथे गर्दी नसते. घाई करू नका. मोबाइलमध्ये पावलं मोजत असाल तर तेवढं बंद करा. एका वळणाला एक शब्द, एवढंच धोरण. एखादा शब्द चिकटला तर त्याच्याबरोबर दोन वळणं चाला, आवडला नाही तर पाण्याकडे बघा.

पहिला शब्द तो स्टिकरवरचाच. लॅटिनमध्ये ‘वुल्नुस’ म्हणजे जखम. त्यावरून ‘व्हल्नरेबल’. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रुळला. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये तो भेटतो, तोही तलवारीच्या संदर्भात. चालता चालता आपला तळहात बघा. जखम नाही. पण होऊ शकते. शब्द तेवढंच सांगतो आणि थांबतो. झालेल्या जखमेबद्दल तो बोलत नाही, होईलच असं म्हणत नाही, दोष कोणाचा तेही सांगत नाही. या तळहाताच्या जागी लोखंडाचा पंजा असता तर हा शब्द त्याला लावता आला नसता. मात्र त्या पंजाला तान्ह्या बाळाची टाळूही कळली नसती.

आता दहा-पंधरा पावलं काहीच विचार करू नका. तळहात तसाच मोकळा राहू द्या.

पुढच्या वळणावर दोन शब्द जोडीने घेऊ, कारण ते सख्खे भाऊ आहेत. ‘फ्रॅजाइल’ आणि ‘फ्रेल’. दोघेही लॅटिन ‘फ्रागिलिस’चे, म्हणजे मोडणाऱ्याचे. एक फ्रेंचांच्या तोंडातून झिजत झिजत इंग्रजीत आला, दुसरा पुढे पुस्तकांतून थेट उचलला गेला. झिजलेला माणसांच्या वाट्याला आला, न झिजलेला खोक्यांच्या. आमच्या इमारतीच्या खाली रोज पन्नास खोकी उतरतात, त्यांवर काचेच्या पेल्याचं चित्र आणि ‘फ्रॅजाइल’. आईच्या कागदांवर दुसरा भाऊ होता. ‘फ्रेल’ हे आता नुसतं विशेषण नाही, निदान आहे. 2001 साली लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पाच खुणा ठरवल्या: नकळत घटलेलं वजन, सतत थकवा, मुठीची कमी ताकद, मंद चाल, कमी हालचाल. तीन जुळल्या की माणूस फ्रेल. डॉक्टरांनी आईला धड हाताने आपली दोन बोटं दाबायला सांगितली. तिने दाबली. त्यांनी हसत बोटं सोडवून घेतली आणि ‘फ्रेल’च्या पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

या दोन्ही शब्दांत मोडण्याचं कारण आतच असतं. काच कोणी ढकलली, हे खोक्यावर लिहीत नाहीत. म्हणून हे शब्द वापरले की आपण आपोआप गुंडाळायला लागतो. स्पंज लावा, हळू ठेवा, बाहेर नेऊ नका. मराठीत आपण म्हाताऱ्या माणसाबद्दल काय म्हणतो ते आठवा. ‘आई आता थकली.’ ठिसूळ झाली असं हाडांबद्दल म्हणू, आईबद्दल नाही. फ्रेल म्हटलं की समोर काच येते. थकली म्हटलं की तिने उपसलेलं काम समोर येतं, विहिरीचं पाणी, चार बाळंतपणं, 31 वर्षांची प्राथमिक शाळेतली नोकरी. तुमच्या घरातलं थकलेलं माणूस कोण आहे, ते या वळणावर आठवा. ते कशाने थकलं, तेही. मग पुढे निघू.

इथून पाण्याची पातळी चांगली दिसते. इथे ‘एक्सपोज्ड’. या शब्दापाशी मला जास्त वेळ लागणार आहे.

लॅटिनमधला अर्थ साधा आहे: बाहेर ठेवलेला. उघड्यावर. हा शब्द माणसाच्या प्रकृतीबद्दल काही बोलत नाही, जागेबद्दल बोलतो. एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. दोन रस्त्यांच्या बेचक्यात आखलेली ही वसाहत. पण त्या रस्त्यांच्या आधी इथे पाण्याचा रस्ता होता. आगऱ्याचं पाणी बेळ्ळंदूरच्या तळ्यात, तिथून वर्तूरच्या, तिथून दक्षिण पिनाकिनी नदीत. एका तळ्याचं पाणी दुसऱ्यात नेणाऱ्या मोठ्या ओढ्यांना इथे राजकालुवे म्हणतात. त्यांच्या काठांवर, कुठे कुठे त्यांच्या अंगावरच, इमारती आल्या. पाणी मात्र जुन्याच पत्त्यावर येतं.

4 सप्टेंबर 2022 ची रात्र. सकाळपर्यंत बंगळूरात 131 मिलिमीटर पाऊस झाला होता. बाहेरच्या रिंगरोडवर ट्रॅक्टरमधून माणसं ऑफिसला नेल्याची चित्रं तेव्हा देशभर दिसली, लोक हसलेही. मी तिसऱ्या मजल्यावर होते. खाली पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी. माझी गाडी बुडाली. पार्किंगच्याच कोपऱ्यात, जिन्याखाली, वॉचमनची खोली आहे. यादगीरकडचं कुटुंब, नवरा, बायको आणि तिसरीतला मुलगा. त्यांचं तांदळाचं पोतं, गॅसची शेगडी, मुलाची पुस्तकं, आधार कार्डं ठेवलेली पत्र्याची पेटी पाण्यात. गाडीचे पैसे मला विम्यातून मिळाले, सहा आठवडे लागले म्हणून मी चिडचिडही केली. त्या मुलाचा शाळेचा दाखला भिजला होता. त्याची नक्कल मिळवायला वडील दोनदा यादगीरला जाऊन आले आणि दोन्ही वेळा चार-चार दिवसांचा पगार गेला.

आपत्तीचा अभ्यास करणारे इथे तीन शब्द वेगळे ठेवतात. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, 2012 च्या अहवालात ते स्पष्ट मांडले आहेत: हॅझर्ड, एक्सपोजर, व्हल्नरेबिलिटी. पाऊस हा हॅझर्ड. त्याच्या वाटेत घर असणं हे एक्सपोजर. आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा उभं राहता येणं न येणं, ही व्हल्नरेबिलिटी. पाऊस एकच, पत्ता एकच, जिनाही एकच. त्या रात्री आम्ही सगळे एक्सपोज्ड होतो. व्हल्नरेबल जिन्याखालचे होते.

हे मी आईला सांगितलं तेव्हा तिला काही नवं वाटलं नाही. ती सांगलीची. कृष्णेकाठी ‘पाणी किती फुटांवर?’ हा पावसाळ्यातला रामराम आहे. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. सरकारी नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी, म्हणजे 25 वर्षांतून एकदा पाणी जिथवर येईल ती. लाल, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल ती. ‘एक्सपोज्ड’ला सांगलीकडे शब्द आहे, कोशात शोधायला नको: ‘ते पूररेषेत राहतात.’ त्यात हिणवणं नाही, दया नाही, नुसती जागा आहे. जागेचा प्रश्न असेल तर माणसाला गुंडाळून काय होणार? ओढा मोकळा करायला हवा, नाहीतर खोली वर न्यायला हवी.

तुम्ही आत्ता जिथे राहता, तिथून पाणी कोणत्या बाजूला उतरतं? माहीत नसेल तर या फेरीनंतर कोणाला तरी विचारा. सकाळच्या मननात हा प्रश्न बसत नाही असं वाटलं तरी विचारा.

चला. उजवीकडे रिंगरोडचा आवाज वाढेल. इथे ‘प्रिकेरिअस’.

शब्दकोशात याचा अर्थ डळमळीत, अनिश्चित असा दिलेला असतो. पण मुळात ‘प्रेक्स’ म्हणजे विनवणी, प्रार्थना. विनवून मिळालेलं, म्हणून देणाऱ्याची मर्जी फिरली की परत जाणारं, ते प्रिकेरिअस. रोमन कायद्यात ‘प्रेकारिउम’ नावाची चीजच होती: जमीन वापरायला दिली, मात्र मालकाने म्हणताक्षणी सोडायची. कडा ठिसूळ आहे म्हणून धोका, असं या शब्दात नाही. दोरी दुसऱ्याच्या हातात आहे, म्हणून धोका.

सत्ताविसाव्या मेनवर रात्री आठला उभं राहिलं तर खाणं पोचवणाऱ्या मुलांचे घोळके दिसतात. ती एकमेकांशी ज्या एका गोष्टीबद्दल दबक्या आवाजात बोलतात, ती अपघाताची नसते. ‘त्याची आयडी ब्लॉक झाली.’ कोणी केली, का केली, कोणाला विचारायचं, ते कळत नाही. सकाळी काम होतं, दुपारी नाही. पंचविशीतली धट्टीकट्टी मुलं आहेत, डॉक्टरांची बोटं मोडतील अशी. ‘फ्रेल’ त्यांच्या जवळपास येत नाही. 2025 मध्ये कर्नाटकाने अशा कामगारांसाठी वेगळा कायदा केला. तो किती उपयोगी पडतो ते दिसेलच. पण कायदा करणाऱ्यांनी जागा बरोबर ओळखली: मुलाला बळकट करायचं नाही, मर्जीला कारण द्यायला लावायचं.

मर्जी म्हटलं की मला या शहरातला पहिला मोठा मराठी माणूस आठवतो. 1638 मध्ये आदिलशाही फौजांनी बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं. आपण शाळेत ‘जहागीर’ शब्द वैभवासारखा वाचतो. पण जहागीर ही अगदी रोमन अर्थाने प्रिकेरिअस. 1648 मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली, आणि पुढच्या वर्षी सुटकेच्या बदल्यात जे किल्ले आणि ठाणी सोडायला सांगितली गेली त्यांत कोंढाणा होता, तसं बंगळूरही होतं. तलवार शाबूत, मर्जी गेलेली. एवढ्या बलाढ्य माणसाला कोणी दुबळा म्हणणार नाही. तरी हा शब्द त्यांना लागू होतो आणि आमच्या कोपऱ्यावरच्या मुलालाही होतो. म्हणून मला तो इंग्रजीतला सगळ्यात प्रामाणिक शब्द वाटतो.

आता बाकावर बसा. पुढचा शब्द चालताना घेण्यासारखा नाही, ‘हेल्पलेस’.

मराठीत याला लगेच दोन शब्द येतात आणि दोन्ही बाहेरून आलेले आहेत. ‘बिचारा’ आणि ‘लाचार’. दोघांच्या पोटात फारसीतला ‘चारा’ आहे, म्हणजे इलाज. ज्याच्यापाशी इलाज नाही तो बे-चारा, आणि ज्याच्यापाशी इलाज नाही तोच ला-चार. अर्थ तंतोतंत एक. आता दोन्ही मोठ्याने म्हणून बघा. ‘बिचारा’ म्हणताना आवाज खाली येतो. ‘लाचार’ म्हणताना नाक वर जातं. हिंदीत लाचार म्हणजे अजून नुसता निरुपाय झालेला माणूस. मराठीत आपण त्याला वाकायला लावलं, साहेबापुढे दात विचकायला लावले, आणि मग त्याच्या वाकण्याचा तिटकारा केला. इलाज नसणं तेच. एकाला दया, दुसऱ्याला थुंकी. कोणाला कुठला शब्द मिळतो, हे त्या माणसापेक्षा बोलणाऱ्यावर जास्त ठरतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुलं विकणारी अम्मा बसते. आई पडल्यावर ती ओरडली होती, “अय्यो पाप!” कन्नडमध्ये ‘पाप’ म्हणजे आपलं ‘अरेरे, बिचारी’. पण मराठी कानाला ते पापच ऐकू येतं. पहिल्या वर्षी आईला वाटायचं, ही बाई येताजाता लोकांची पापं काय काढते! नंतर कळलं. तरी मला तो घोटाळा अधूनमधून आठवतो, कारण आपल्या मनात हे दोन अर्थ खरंच शेजारी राहतात. कोणाचं वाईट झालेलं दिसलं की आधी कळवळा येतो, आणि पाठोपाठ, अगदी दबक्या पावलांनी, ‘काहीतरी केलं असेल त्यानेच.’

जरा बसून राहू. तुमच्या बोलण्यात गेल्या आठवड्यात ‘लाचार’ कोणाला लावला गेला? आणि ‘बिचारा’?

उठा. थोडी गंमतही हवी. ‘टेंडर’ आणि ‘ससेप्टिबल’ ही दोन वळणं मी नेहमी भराभर चालते. टेंडर म्हणजे कोवळं. इथे शहाळ्याच्या गाडीवर तोच शब्द लिहिलेला असतो. मराठी माणसाला मात्र टेंडर म्हटलं की बांधकाम खातं आठवतं, त्याला इलाज नाही. डॉक्टर दाबून बघतात आणि दुखलं तर ‘टेंडर’ लिहितात. त्याला आपल्याकडे ‘हुळहुळं’ हा सुंदर शब्द आहे, तो केसपेपरवर कधी येणार कोण जाणे. ‘ससेप्टिबल’च्या मुळाशी घेणं आहे, स्वीकारणं. आजार घेणारा, तसा स्तुतीही घेणारा. 2021 च्या डिसेंबरात लॉगफोरजे नावाच्या, नोंदी ठेवणाऱ्या साध्या जावा लायब्ररीत एक भगदाड सापडलं. गांभीर्य दहापैकी दहा. आमची तेव्हाची नाताळची सुट्टी त्यात गेली. तिचा दोष काय, तर बाहेरून आलेल्या मजकुरातल्या विशिष्ट खुणांवर ती विश्वास ठेवायची आणि सांगितलेलं आणायला जायची. मला तेव्हाही तिची दया आली होती. भाबडी लायब्ररी.

आमच्या धंद्यात ‘व्हल्नरेबिलिटी’चा अर्थ पक्का आहे: फट. 1999 पासून जगभरातल्या अशा फटींची सार्वजनिक यादी आहे, प्रत्येकीला क्रमांक असतो. फट दिसली की पॅच. मी आईला एकदा समजावलं, पॅच म्हणजे ठिगळ. ती म्हणाली, “म्हणजे ते स्टिकर म्हणजे ठिगळ का?”

आणि आमच्या कंपन्यांच्याच इमारतींत, काचेच्या खोल्यांत, हाच शब्द गेली काही वर्षं गुण म्हणून मिरवतो. 2010 च्या जूनमध्ये ह्यूस्टनला ब्रेने ब्राउन या संशोधक बाईंनी या विषयावर भाषण केलं. ते जगभर पाहिलं गेलं, 2012 मध्ये त्यांचं ‘डेअरिंग ग्रेटली’ हे पुस्तक आलं, आणि ‘व्हल्नरेबल होणं’ हे धैर्य ठरलं. ब्राउनबाईंचं म्हणणं उथळ नाही. आपलं हुळहुळं दाखवल्याशिवाय जवळीक होत नाही, हे खरंच आहे. पण एचएसआरमध्ये ते कसं उतरलं ते सांगते. दर तिमाहीला एक बैठक असते. गोल बसायचं. कंपनी काढणारा आपलं पहिलं अपयश सांगतो, आवाज भरून येतो, टाळ्या होतात. मग एकेकाने बोलायचं. मी तीनदा बसले आहे. चहा घेऊन येणारा मुलगा त्या गोलात नसतो. तो जर म्हणाला, ‘साहेब, मला रात्री झोप लागत नाही, काम जाईल अशी भीती वाटते,’ तर टाळ्या होणार नाहीत.

तेव्हा मला बाबांची सतरंजी आठवते. व्हल्नरेबल कोण? ज्याने एक गेम आधीच जिंकली आहे तो. त्याला बुडण्याचा दंड जास्त, पण जिंकण्याचं बक्षीसही जास्त. ब्रिजमधली ती अनाम मुलगी 1925 मध्ये बोलली ते शंभर वर्षांनी इथल्या काचेच्या खोल्यांना चपखल बसतं. चिलखत काढून दाखवायला आधी चिलखत असावं लागतं. जिन्याखालच्या खोलीला ते कुठलं?

आता शेवटचं वळण. इथे इंग्रजी शब्द खाली ठेवायचे.

आपल्या सरकारी मराठीत ‘असुरक्षित’ चालतो. कातकरी, कोलाम, माडिया गोंड या आदिवासी जमातींना पूर्वी इंग्रजी कागदांत ‘प्रिमिटिव्ह’, म्हणजे आदिम म्हणत. 2006 मध्ये ते नाव बदलून ‘पर्टिक्युलरली व्हल्नरेबल’ केलं. शब्द बदलल्याने नजर बदलली, हे चांगलं झालं. आदिम म्हटलं तर मागे राहिल्याचा ठपका त्यांच्यावर. व्हल्नरेबल म्हटलं तर निदान विचारता येतं, वार कोणाचा? खैरापासून कात पाडणाऱ्यांच्या हातून जंगल कोणत्या कायद्यांनी गेलं, वीटभट्टी कशी वाट्याला आली? पण मराठीत त्याचं ‘असुरक्षित’ केलं की तो प्रश्न पुन्हा बुजतो. असुरक्षित म्हणजे राखण नाही. राखणदार बसवला की संपलं.

जवळ जाणारा शब्द मला ‘मर्म’ वाटतो. सुश्रुताने शरीरातली 107 मर्मं मोजली, जिथे घाव बसला तर जिवावर बेततं अशी. आणि त्याच शब्दाने आपण कवितेचं मर्म म्हणतो. जीव जाण्याची जागा आणि अर्थाची जागा एकच. शेजारचा ‘वर्म’ आणखी मजेशीर: संस्कृतात वर्म म्हणजे चिलखत, आणि मराठीत वर्मी घाव बसतो तो नेमका चिलखत नसलेल्या जागी. पण मर्म हे नाम आहे. आईला ‘तू मर्म आहेस’ असं सांगता येत नाही.

पुष्कळ फेऱ्या मारल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी विशेषण शोधत होते, आणि मराठीने ते काम क्रियापदाला दिलंय. लागणं. पडल्यावर लागतं. बोलणं लागतं. मनाला लागतं. आणि जीव लागतो, लळा लागतो, गोडीही लागते. डोळा लागतो. ज्याला लागतं, त्याला हे सगळंच लागतं. यातलं एक ठेवून दुसरं काढून टाकायची सोय भाषेने ठेवलेली नाही. रोगाची लागण होते, आणि आमच्या सांगलीकडे उसाचीही लागणच होते. ज्याला काही लागत नाही त्याच्यासाठी मात्र मराठीत विशेषणांची रास आहे: कोडगा, निबर, निगरगट्ट, निर्ढावलेला, गेंड्याच्या कातडीचा. सगळ्या शिव्या. इंग्रजीत ज्याला नाव द्यावं लागलं ते आपल्याकडे माणसाचं साधं असणं आहे, म्हणून बिननावाचं राहिलं. नाव पडलं ते उलट्या बाजूला.

फेरी पूर्ण झाली. फाटकाजवळ पाणी प्या. तळहात अजून मोकळा असेल तर तसाच राहू द्या.

त्या दिवशी आई पायरीवरून पडली तेव्हा मी वर होते. खाली पोचेपर्यंत तिच्याभोवती दोन माणसं जमली होती. फुलवाली अम्मा विचारत होती, “पेट्टायिता?” वॉचमन विचारत होता, “चोट तो नहीं लगी?” मी जिन्यातूनच ओरडले, “लागलं का गं?” मनगट पदराखाली लपवून आईने तिघांनाही मराठीतच उत्तर दिलं, “छे, काही लागलं नाही.” चीर दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये दिसली.